उथळ समुद्रातले अभयारण्य नेमके काय राखते?

निपाणीच्या एका महाविद्यालयीन शिक्षकांनी असे विचारले आहे: "दर हिवाळ्यात आम्ही विद्यार्थ्यांना मालवणला नेतो. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे पाणी सागरी अभयारण्य आहे असे वाचले होते, पण तिथे होड्या फिरतात, जाळी टाकली जातात, पर्यटक पाण्यात उतरतात. मग हे अभयारण्य केवळ कागदावर आहे का? तसे असेल तर ते रद्द करून मच्छीमारांची अडवणूक थांबवावी, असे काही विद्यार्थी म्हणतात. आणि घाटावरच्या आपल्या भागाचा या सगळ्याशी काय संबंध, हेही त्यांना सांगता येत नाही."

मी बेळगावचा आहे आणि माझ्या कामाचा बराचसा काळ कोकणच्या किनाऱ्यावर पाण्याखालचे खडक आणि प्रवाळ यांची पाहणी करण्यात गेला आहे, म्हणून या प्रश्नाला थोडे सविस्तर उत्तर देतो. आपल्या प्रश्नात तीन वेगवेगळे प्रश्न एकत्र आले आहेत. त्या पाण्यात राखण्यासारखे काही आहे का, हा पहिला. ते राखण्यासाठी जी पद्धत निवडली गेली ती योग्य आहे का, हा दुसरा. आणि अभयारण्यामुळे बाजारातली मासळी वाढते का, हा तिसरा. विद्यार्थी तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून पहिल्याचा निकाल लावत आहेत, आणि माझ्या मते घोटाळा तिथेच होतो.

आधी तळाकडे पाहू, कारण उथळ समुद्रात सगळे काही तळावर ठरते. किनाऱ्यापासून जमीन एकदम खोल जात नाही. ती पाण्याखाली मैलोगणिक हळूहळू उतरत जाते आणि साधारण शे-दीडशे मीटर खोलीनंतर कड्यासारखी तुटते. या उतरत्या पट्टीला भूखंड-मंच म्हणतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ही पट्टी मुंबई-खंभातच्या समोर सर्वांत रुंद, सुमारे तीनशे किलोमीटरच्या घरात आहे आणि दक्षिणेकडे ती अरुंद होत जाते. किनाऱ्यालगतचा तिचा भाग, म्हणजे साधारण पन्नास-साठ मीटर खोलीपर्यंतचा, बहुतांशी नद्यांनी आणलेल्या चिखलाने झाकलेला आहे, तर त्यापलीकडे जुनी वाळू पसरलेली आहे. कोळंबी, मांदेली, शेंगाळा यांना चिखल मानवतो. परंतु प्रवाळाला, समुद्री शेवाळाला, कालवांना आणि स्पंजांना घट्ट आधार लागतो, तो या चिखलात मिळत नाही.

मालवणला हा आधार आहे. सिंधुदुर्ग किल्ला ज्या कुरटे बेटावर उभा आहे ते बेट, शेजारचा पद्मगड आणि आसपासचे असंख्य उघडे व बुडीत खडक, असा कठीण तळाचा एक तुकडा तिथे चिखल-वाळूच्या विस्तारात निर्माण झालेला आहे. पाणी वर्षातला मोठा काळ गढूळ असते, त्यामुळे लक्षद्वीपसारखी सलग प्रवाळभित्ती तिथे तयार होत नाही. पोराइट्स, टर्बिनारिया, फॅव्हाइट्स अशा गढूळपणा सहन करणाऱ्या प्रवाळांच्या वसाहती खडकांवर विखुरलेल्या असतात, त्यांच्यामध्ये सारगॅसम शेवाळाचे रान उगवते, आणि त्या सर्वांच्या आडोशाने मासे, शेवंडी, खेकडे राहतात. ही जागा लहान आहे, पण किनाऱ्यावर अशा जागा थोड्याच असल्यामुळे तिचे मोल तिच्या क्षेत्रफळावरून ठरत नाही. म्हणून पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर निःसंदिग्ध आहे: होय, तिथे राखण्यासारखे आहे, आणि ते एकदा मोडले तर आपल्या आयुष्यात पुन्हा उभे राहणार नाही, कारण अशा प्रवाळांची गोलाकार वसाहत वर्षाला जेमतेम सेंटिमीटरच्या आसपास वाढते.

आता पद्धतीकडे वळू. मालवण सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली घोषित झाले. त्याचे एकूण क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर असून त्यातला गाभा केवळ ३.१८ चौरस किलोमीटर आहे. उरलेला भाग त्याभोवतीचा राखीव पट्टा आहे. तुलनेसाठी आपल्या खानापूर तालुक्यातले भीमगड अभयारण्य घ्या, जे सुमारे १९० चौरस किलोमीटरचे आहे; मालवणचे क्षेत्र त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतके भरते. आपले विद्यार्थी 'अभयारण्य' ऐकल्यावर भीमगड डोळ्यांसमोर आणतात, म्हणजे चौकी, फाटक, वनरक्षक आणि आत शिरायला परवानगी. समुद्रात यातले काहीही जसेच्या तसे लागू होत नाही. जमिनीवर वाघाची हद्द नकाशावर काढता येते, पण पाण्यातली अंडी आणि पिल्ले प्रवाहाबरोबर वाहून जातात, आणि या किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे तर हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो. शिवाय त्याच कायद्यात असे स्पष्ट लिहिले आहे की समुद्रातील क्षेत्र अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायहिताचे रक्षण करण्याची पुरेशी व्यवस्था करावी, आणि जहाजांचा व होड्यांचा निर्धोक ये-जा करण्याचा हक्क बाधित होऊ नये. म्हणून आपल्याला तिथे होड्या दिसतात, एवढ्यावरून अभयारण्य कागदावरचे ठरत नाही. ते कागदावरचे आहे की नाही, हे गाभ्यातल्या खडकांवर नांगर पडतो का, तळ खरवडणारे जाळे तिथे फिरते का आणि तिथल्या गोबरा माशाला म्हातारे व्हायला मिळते का, या तीन गोष्टींवर ठरते.

गोबरा हा शब्द मी मुद्दाम घेतला, कारण बाजाराविषयीचा आपला तिसरा प्रश्न त्याच्यापासून नीट उलगडतो. खडकांत राहणारा हा मासा आयुष्याचा मोठा काळ एका छोट्या परिसरात घालवतो. त्याच्या बहुतेक जातींत मासा आधी मादी असतो आणि मोठा झाल्यावर त्यातले काही नर होतात. त्यामुळे मोठे मासे सतत काढले तर वजन कमी होते एवढेच नव्हे, तर नरांची संख्याच घटते. मोठी मादी लहान मादीच्या अनेक पट अंडी घालते, हेही इथे लक्षात घ्यावे. असे मासे, तांबोशी आणि शेवंडी यांना ३ चौरस किलोमीटरचा शांत गाभा खरोखर उपयोगी पडतो: आत वाढलेले मासे काठाबाहेर जातात, त्यांची अंडी आणखी लांब जातात. याउलट बांगडा आणि तारली हे मासे प्लवकाच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या, मागे थव्यांनी शेकडो किलोमीटर फिरतात, आणि त्यांचे उत्पन्न पाण्याचे तापमान, पावसाळ्यातले तळाचे थंड पाणी वर येणे आणि सबंध किनाऱ्यावरची मासेमारी यांवर अवलंबून असते. मालवणच्या अभयारण्यामुळे बेळगावच्या बाजारात बांगडा स्वस्त होईल असे कोणी सांगत असेल तर ते चुकीचे आहे, आणि बांगडा वाढला नाही म्हणून अभयारण्य निरुपयोगी ठरवणे तितकेच चुकीचे आहे.

लहान क्षेत्रानेही फरक पडतो, याची सर्वांत विश्वासार्ह नोंद न्यूझीलंडमधल्या ली येथील राखीव क्षेत्राची आहे. ते १९७५ साली स्थापन झाले आणि ते सुमारे ५ चौरस किलोमीटरचेच आहे. तिथे मासे धरणे पूर्णपणे थांबवण्यात आले. काही दशकांत मोठे स्नॅपर मासे आणि शेवंडी यांची संख्या आत वाढली, त्यांनी शेवाळ फस्त करणारे काटेरी सी-अर्चिन खाल्ले, आणि उघडे पडलेले खडक पुन्हा शेवाळाने झाकले गेले. हे थंड पाण्यातले उदाहरण आहे, आपल्याकडे ते जसेच्या तसे घडेल असे मी म्हणणार नाही. परंतु त्यातून दोन गोष्टी निश्चित दिसतात. एक म्हणजे परिणाम दिसायला वर्षे लागतात, आणि दुसरी म्हणजे थोडी मासेमारी चालू ठेवलेल्या जागेत तो परिणाम फारच फिका होतो. मोठ्या प्रमाणावरचे उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफचे: २००४ साली त्या सागरी उद्यानातले मासेमारीला पूर्ण बंद असलेले क्षेत्र पाच टक्क्यांहून कमी होते ते सुमारे तेहतीस टक्क्यांवर नेण्यात आले. तिथे निरनिराळ्या वापरांसाठी निरनिराळे पट्टे आखलेले आहेत, आणि अशी आखणी मला एका सरसकट रेषेपेक्षा अधिक प्रामाणिक वाटते.

मच्छीमारांच्या बाजूने मी इथे थोडे अधिक लिहितो, कारण विद्यार्थ्यांनी त्यांचा मुद्दा उपस्थित केला हे मला फार आवडले. मालवणच्या मच्छीमारांचा अभयारण्याला अनेक वर्षे विरोध राहिला, आणि त्याचे कारण त्यांना समुद्राची पर्वा नाही हे नव्हे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणारा रापणकर, लहान होडीतून कांडाळ हे जाळे टाकणारा आणि गळाने मासे धरणारा माणूस किनाऱ्यालगतच्या त्याच पाण्यावर जगतो. त्याला ट्रॉलर घेऊन दूर जाता येत नाही. हद्द आखताना त्यालाच प्रथम विचारायला हवे होते, असे त्याचे म्हणणे आहे, आणि ते मला रास्त वाटते. समुद्राच्या तळाचे सर्वाधिक नुकसान कोणत्या साधनाने होते याचा विचार केला तर त्याच्याकडे बोट दाखवता येत नाही. तळावरून ओढले जाणारे ट्रॉल जाळे चिखल खवळते, खडकाच्या कडेचे जीव उपटते आणि लहान पिल्लेही सोबत आणते. नेहमीच्या ट्रॉल जाळ्याच्या शेपटाकडची शंकरपाळ्याच्या आकाराची भोके ओढ बसली की लांबट होऊन मिटतात; चौकोनी आखाचे, म्हणजे चौकोनी भोकांचे, जाळे वापरले की ती उघडी राहतात आणि पिल्ले निसटतात. सिंधुदुर्गात अशी जाळी वापरात आणण्याचा प्रयत्न झालेला आहे. माशांच्या थव्याला वेढणाऱ्या मोठ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्याचे निर्बंध आहेत, आणि दिव्यांच्या झगमगाटात मासे गोळा करून होणाऱ्या एलईडी मासेमारीवर केंद्राची २०१७ पासून बंदी आहे. यांची अंमलबजावणी नीट झाली तर रापणकराचे जीवन सुधारेल, आणि मग त्याला अभयारण्य शत्रू वाटणार नाही.

कायद्याने आता एक सौम्य मार्गही उपलब्ध आहे. वन्यजीव कायद्यात 'संवर्धन राखीव क्षेत्र' अशी एक वर्गवारी आहे, ज्यात स्थानिक लोकांशी सल्लामसलत करून, त्यांचे प्रतिनिधी समितीवर घेऊन, त्यांचे हक्क न काढता क्षेत्र राखता येते. तामिळनाडूने २०२२ साली पाल्कच्या उपसागरात सुमारे ४४८ चौरस किलोमीटरचे डुगाँग संवर्धन राखीव क्षेत्र याच पद्धतीने घोषित केले. तिथे समुद्री गवताच्या उथळ कुरणांवर चरणारा डुगाँग हा सस्तन प्राणी राखायचा आहे. मालवणसाठी नियम नव्याने लिहायचे झाले तर मी लहान, कडक, स्पष्ट खुणांनी दाखवलेला गाभा ठेवीन आणि बाहेरचा पट्टा मच्छीमारांच्या समितीकडे सोपवीन. खडकांवर नांगर पडू नये म्हणून पर्यटनाच्या होड्यांसाठी कायमच्या बोया, म्हणजे नांगर न टाकता होडी बांधायचे तरंगते खुंट, बसवणे मला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक काम वाटते. आम्ही ठरलेल्या जागेवर पन्नास मीटरची फीत अंथरून, चौकटी ठेवून आणि छायाचित्रे घेऊन मोजणी करतो तेव्हा मोडलेल्या प्रवाळाची कारणे ओळखता येतात, आणि पर्यटनाच्या जागांवर नांगराचे घाव व पायांनी तुडवलेल्या खुणा ठळकपणे दिसतात.

अभयारण्याने काय होत नाही हेही सांगितले पाहिजे, नाहीतर विद्यार्थ्यांना अर्धवट चित्र मिळेल. उन्हाळ्यात पाणी नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा अंशभर जरी जास्त काही आठवडे राहिले तरी प्रवाळ आपल्या शरीरातले एकपेशीय शैवाल बाहेर टाकते आणि पांढरे पडते. १९९८, २०१० आणि २०१६ च्या सुमारास जगभर अशी विरंजनाची मोठी लाट आली आणि २०२४ मध्ये चौथी लाट जाहीर झाली. या तापमानाला कोणतीही हद्द अडवू शकत नाही. त्याचप्रमाणे पावसाळ्याच्या शेवटी, ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या काळात, आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या मंचावर तळाचे, प्राणवायू अगदी कमी असलेले पाणी वर चढते; हे नैसर्गिक आहे, परंतु जमिनीवरून येणाऱ्या सांडपाण्याने आणि खतांनी ते अधिक वाईट होऊ शकते. अभयारण्य या गोष्टी थांबवत नाही. ज्या जीवांवर नांगर, जाळे आणि पाय यांचा जादा ताण नाही, ते अशा तडाख्यातून सावरण्याची शक्यता वाढते, एवढेच त्याचे काम.

एकूण काय, तर त्या पाण्यात राखण्यासारखा दुर्मीळ कठीण तळ आहे. अभयारण्याची रेषा योग्य जागी आहे, पण मच्छीमारांशी झालेला व्यवहार सुधारायला हवा. आणि बाजारातल्या बांगड्यावर तिची परीक्षा करू नये.

आता घाटावरच्यांचा संबंध. आपल्या जिल्ह्यातील बहुतेक पाणी, म्हणजे कणकुंबीजवळ उगम पावणारी मलप्रभा, घटप्रभा, हिरण्यकेशी, मार्कंडेय, हे सर्व पूर्वेकडे कृष्णेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. त्यामुळे निपाणी-चिकोडीच्या उसाच्या शेतातले खत मालवणच्या प्रवाळावर जाते, असे म्हणणे चुकीचे ठरेल. परंतु खानापूर तालुक्यातील भीमगडच्या डोंगरात उगम पावणारी म्हादई पश्चिमेला गोव्यातून मांडवी होऊन पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते, आणि तिचे गोडे पाणी मुखाशी असलेल्या खाजणांना, कांदळवनांना आणि त्यांत वाढणाऱ्या कोळंबीच्या पिल्लांना लागते. समुद्रात जाणारे पाणी 'वाया जाते', असे आपल्याकडे सभांमधून नेहमी ऐकू येते. म्हादईचे पाणी मलप्रभेकडे वळवण्याच्या कळसा-भंडुरा प्रकल्पावर कोणाचेही मत काहीही असो, नदीमुखाला आणि किनाऱ्यालगतच्या मंचाला ते पाणी लागते, एवढे तरी चर्चेत मान्य व्हावे, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

दुसरा संबंध आपल्या ताटाचा आहे. आंबोली आणि चोर्ला घाटांतून मासळी आपल्याकडे येते. पश्चिम किनाऱ्यावर साधारणपणे १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, तेव्हा बहुतेक प्रकारांची मासळी महाग होते आणि आपण कुरकुर करतो; खरे तर तो बंदीकाळ म्हणजे सगळ्या समुद्रासाठी कालमर्यादेचे एक अभयारण्यच आहे. विद्यार्थ्यांना एखाद्या रविवारी बाजारात नेऊन तळहाताएवढीही नसलेली पापलेटे किती आहेत हे पाहायला सांगा. विकत घेणाऱ्याने लहान पिल्ले नाकारली तर ती धरण्याचे कारण कमी होते.

विद्यार्थ्यांपैकी कोणाला अधिक खोलात जायचे असेल तर त्यांना अंग्रिया मंच वाचायला द्या. कान्होजी आंग्रे यांचे नाव मिळालेला हा बुडीत पठाराचा भाग विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभराहून थोडे अधिक किलोमीटरवर आहे. त्याची लांबी सुमारे ४० किलोमीटर आणि त्याचा माथा पाण्याखाली सुमारे वीस मीटरवर आहे. किनाऱ्याच्या चिखलापासून दूर असल्याने तिथले पाणी स्वच्छ आहे आणि प्रवाळ मालवणपेक्षा कितीतरी समृद्ध आहे. पण तो १२ सागरी मैलांच्या म्हणजे सुमारे २२ किलोमीटरच्या प्रादेशिक समुद्राबाहेर असल्याने वन्यजीव कायद्याखालचे अभयारण्य तिथे पोहोचत नाही. १९७६ च्या सागरी क्षेत्रांच्या कायद्याखाली केंद्र सरकार भूखंड-मंचावरचे किंवा देशाच्या अनन्य सागरी आर्थिक क्षेत्रातले एखादे क्षेत्र निर्दिष्ट करून तिथल्या पर्यावरणासाठी नियम करू शकते, असा मार्ग उरतो. मात्र इतक्या दूरवर पहारा कोण ठेवणार, हा प्रश्न मालवणपेक्षा अधिक कठीण आहे, आणि त्याचे उत्तर जहाजांच्या स्थानदर्शक यंत्रणेतून काढावे लागेल.

सहलीविषयी शेवटचे. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात पाणी सर्वांत स्वच्छ असते. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या भरतीत प्रवाह मंद असतो आणि गाळ कमी उठतो, म्हणून पोहण्यासाठी तो काळ निवडा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी मोठी असते, त्या वेळी उघडे पडलेले खडक किनाऱ्यावरूनच पाहता येतात आणि पोहता न येणाऱ्यांना सोबत नेता येते. होडीवाल्याला आधीच विचारा की नांगर कुठे टाकणार. वाळूवर टाकतो, असे उत्तर देणाऱ्याचीच होडी घ्या. विद्यार्थ्यांनी खडकावर उभे राहू नये, माशांना पाव टाकू नये, आणि प्रवाळाचा मेलेला तुकडाही उचलू नये, कारण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याचा तुकडा जवळ बाळगणे गुन्हा आहे. संध्याकाळी बंदरावर एखाद्या रापणकराला विद्यार्थ्यांसोबत तासभर बसवा आणि अभयारण्य रद्द करावे का, हा त्यांचा प्रश्न त्यांनी त्यालाच विचारावा.